रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवायचा कसा आणि मुख्य म्हणजे चालवून बघायचा कसा

मागच्या गणपतीत आतेभावाचा लॅपटॉप सुरूच होईना, काळी स्क्रीन आणि त्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढी एकच ओळ. घरातला कॉम्प्युटरवाला मी, त्यामुळे ऐटीत ड्रॉवर उघडला, दोन वर्षांपूर्वी 'इमर्जन्सीसाठी' म्हणून बनवून ठेवलेला पेनड्राइव्ह काढला आणि लावला. काहीच नाही. परत लावला, दुसऱ्या पोर्टला लावला, तरी काही नाही. शेवटी माझ्या मशिनवर उघडून बघितला तर आत एकटीच आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमध्ये बांधलेली प्रत) बसलेली, म्हणजे मी तेव्हा ती नीट राइट केलीच नव्हती, नुसती कॉपी-पेस्ट करून ठेवून दिली होती! दोन वर्षं ड्रॉवरमध्ये होता आणि एकदाही लावून बघितला नव्हता. बाहेर आरतीला सगळे उभे आणि मी आत भावाच्या तोंडाकडे बघत बसलेलो.

म्हणून हा लेख. नेटवर पेनड्राइव्ह बनवायचं सांगणारे शंभर लोक आहेत, पण टेस्ट करायचं कोणी नीट सांगत नाही, आणि टेस्ट न केलेला रेस्क्यू पेनड्राइव्ह म्हणजे माझा तो ड्रॉवरमधला. मशीन धडधाकट आहे तोवरच हे सगळं करून ठेवायचं. अगदी नवखा माणूस धरून लिहितोय, ज्यांना येतं त्यांनी उड्या मारत वाचा.

हे नक्की असतं काय

तुमचं विंडोज जर सी ड्राइव्हवरून सुरूच होत नसेल तर याचा अर्थ तुमचे फोटो, फायली गेल्या असा नाही. बऱ्याचदा फायली जागच्या जागी असतात, फक्त त्यांच्यापर्यंत नेणारा दरवाजा अडकलेला असतो. रेस्क्यू पेनड्राइव्हवर एक वेगळी, स्वतःच्या पायावर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम असते, कॉम्प्युटर डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून सुरू होतो आणि तुम्ही मागच्या दाराने आत शिरून आपलं सामान बाहेर काढता. पूर्वी हेच काम सीडीवर चालायचं. क्नॉपिक्स नावाचं सीडीवरून चालणारं लिनक्स (विंडोजसारखीच एक वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) २००० साली आलं, आणि आपल्याकडे तर रिपेअरवाल्यांच्या बॅगेत हिरेन्स बूट सीडी असायचीच, मार्करने वर नाव लिहिलेली, ओरखडे पडलेली, तरी चालणारी. आता लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो म्हणून पेनड्राइव्ह. जुन्या मशिनवर डिस्कच वापरायची असेल तर ७०० एमबीच्या सीडीत हल्लीची आयएसओ मावत नाही, ४.७ जीबीची डीव्हीडी घ्या, आणि आयएसओवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' करा, ड्रॅग करून टाकू नका (माझं काय झालं वर वाचलंत).

मी इथे लिनक्स मिंट घेतोय. सिस्टमरेस्क्यू नावाचं खास या कामासाठी बनवलेलं लिनक्स आहे, त्यात हत्यारं जास्त आहेत, पण ते सुरू झालं की आधी काळी टर्मिनल स्क्रीन (जिथे सगळं कमांड टाइप करून करायचं) समोर येते आणि नवखा माणूस तिथेच गळपटतो. मिंट विंडोजसारखं दिसतं, खाली मेनू, डेस्कटॉपवर आयकॉन, क्लिक करून फोल्डर उघडा, कॉपी करा. तुम्हाला फोटो वाचवायचेत, हॅकर व्हायचं नाहीये. (अ‍ॅपलच्या एम१ आणि पुढच्या मॅकवर यातलं काही चालत नाही, त्यांचं प्रकरण वेगळं.)

आधी एक की शोधा, पेनड्राइव्ह नंतर

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि लोक हाच सोडतात. हल्लीच्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असते, त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. तुम्ही ते कधी चालू केलं नसेल तरी ते चालू असू शकतं, विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून तर नवीन इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की होम एडिशनवरसुद्धा ते आपोआप चालू होतं. मग तुमचा रेस्क्यू पेनड्राइव्ह कितीही भारी असू दे, ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर आत कचऱ्याशिवाय काही दिसणार नाही.

याची आठवण १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाला झाली. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशिन निळ्या स्क्रीनवर अडकली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते बघा, तोच दिवस. इलाज तसा सोपा होता, रिकव्हरीत जाऊन एक फाइल उडवायची, पण ते एकेका मशिनसमोर बसून करायचं आणि बिटलॉकर असेल तिथे त्याची की विचारणार. की कुठंय हे माहीत नसलेल्यांचं कामच अडून बसलं.

तर आत्ताच सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. प्रो एडिशन असेल तर सर्चमध्ये 'मॅनेज बिटलॉकर' टाइप करा. चालू असेल तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की बघा आणि ती कागदावर उतरवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका, हसू नका, मी असं केलेला माणूस बघितलाय. सोबत 'की आयडी' असतो त्याचीही पहिली आठ अक्षरं लिहून ठेवा, घरात दोन-तीन लॅपटॉप असले की कुठली की कुणाची हे त्यावरून कळतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की तुमच्या आयटीवाल्यांकडे असते, त्यावर स्वतः प्रयोग करू नका.

सामान

८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, रिकामा. त्याशिवाय आणखी एक पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क, ज्यावर वाचवलेल्या फायली टाकायच्या. रस्त्यावर दीडशे रुपयात '२ टीबी' म्हणून मिळतात ते पेनड्राइव्ह घेऊ नका, ते आतून लहानच असतात आणि साइज खोटी दाखवतात, फाइल कॉपी झाल्यासारखी वाटते आणि उघडायला गेलं की फुस्स.

लिनक्स मिंटची आयएसओ त्यांच्याच साइटवरून उतरवा, लिनक्समिंट डॉट कॉम. तीन जीबीच्या आसपास आहे, मोबाइल डेटावर असाल तर रात्री लावून झोपा. तीन एडिशन दिसतील, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. मशीन जुनं आणि रॅम कमी असेल तर एक्सएफसीई, नाहीतर सिनॅमन. दुसरं रुफस, म्हणजे आयएसओ पेनड्राइव्हवर नीट राइट करून देणारा प्रोग्राम, रुफस डॉट आयई वरून, पोर्टेबल व्हर्जन घ्या म्हणजे इन्स्टॉल पण करावं लागत नाही. सर्चमध्ये वर जाहिरातीत येणाऱ्या 'फ्री डाउनलोड' साइट्सवरून यातलं काहीही घेऊ नका.

पेनड्राइव्ह बनवणं

हा भाग खरं तर सोपा आहे. पेनड्राइव्ह लावा, बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढून ठेवा (चुकीचा ड्राइव्ह निवडला तर त्यातलं सगळं जाणार आहे म्हणून), रुफस चालू करा. वर 'डिव्हाइस'मध्ये तुमचाच पेनड्राइव्ह आणि त्याची साइज दिसतेय ना ते दोनदा वाचा. 'सिलेक्ट' दाबून आयएसओ निवडा.

निवडल्यावर 'सिलेक्ट'च्या बाजूला बरोबरच्या खुणेचं एक छोटं बटण असतं, ते दाबा. थोड्या वेळाने आकडे-अक्षरांच्या लांबलचक माळा येतील, त्यातली एसएचए२५६ ची माळ मिंटच्या साइटवर दिलेल्या माळेशी जुळवा. सगळी अक्षरं जुळवायचा कंटाळा असेल तर निदान पहिली दहा आणि शेवटची दहा. अर्धवट उतरलेली आयएसओ इथेच पकडली जाते, नाहीतर पुढे तासभर 'पेनड्राइव्ह खराब आहे की लॅपटॉप' करत बसाल.

मग पार्टिशन स्कीम. गेल्या दहाएक वर्षातलं मशीन असेल तर जीपीटी, खाली टार्गेट सिस्टिममध्ये यूईएफआय आपोआप येईल. विंडोज ७ च्या जमान्यातलं असेल तर एमबीआर. बाकी काही छेडू नका. पेनड्राइव्ह नवा किंवा संशयास्पद असेल तर खाली अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांत बॅड ब्लॉक तपासायची टिक आहे, ती केली तर खोट्या साइजचा पेनड्राइव्हसुद्धा उघडा पडतो, पण वेळ खूप लागतो, जेवून या.

'स्टार्ट' दाबलं की रुफस विचारेल आयएसओ मोड की डीडी मोड, पहिला 'रेकमेंडेड' लिहिलेलाच ठेवा. एखादी जास्तीची फाइल डाउनलोड करू का विचारलं तर हो म्हणा. मग 'सगळा डेटा जाईल' अशी तंबी येईल, ओके. हिरवी पट्टी भरून 'रेडी' दिसलं की झालं. आता पेनड्राइव्ह उघडून बघा, आत बरेच फोल्डर आणि फायली दिसल्या पाहिजेत. एकच मोठी आयएसओ फाइल दिसत असेल तर तुम्ही माझ्यासारखे आहात.

आता खरं काम, टेस्ट

आधी विंडोज पूर्ण बंद करायचं. आपण नेहमी 'शट डाउन' करतो तेव्हा फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, डिस्क सोडतच नाही, आणि मग लिनक्समधून ती फक्त वाचता येते किंवा उघडायलाच कुरकुर करते. म्हणून शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, मग खरंच बंद होतं.

पेनड्राइव्ह लावा, पॉवर बटण दाबा आणि लगेच बूट मेनूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची) की टकटक टकटक दाबत राहा, एकदाच दाबून वाट बघत बसू नका. डेलला एफ१२, लेनोव्होला एफ१२ (काहींवर एफएनसकट), एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ१२ पण तिथे बऱ्याचदा आधी बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन 'एफ१२ बूट मेनू' एनेबल करावा लागतो. असेंबल केलेला डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवर अवलंबून, गिगाबाइट एफ१२, एमएसआय एफ११, असूस एफ८. जमतच नसेल तर विंडोज सुरू करून शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, निळ्या स्क्रीनवर 'यूज अ डिव्हाइस' येतं तिथून पेनड्राइव्ह निवडा. पण हा आडमार्ग विंडोज चालू आहे तोवरच उपयोगाचा, म्हणून की कुठली ते आजच शोधून चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या पोटाला चिकटवा.

काळ्या मेनूत पहिलाच पर्याय 'स्टार्ट लिनक्स मिंट', एंटर. पेनड्राइव्हवरून येतंय म्हणून वेळ लागतो, एक-दोन मिनिटं लोगो बघत बसा. स्क्रीन वेडीवाकडी किंवा काळीच राहिली तर परत सुरू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा.

डेस्कटॉप आला? छान. तिथे 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा आयकॉन दिसेल, त्याला हात लावू नका. तो सोडून सगळीकडे फिरा, पेनड्राइव्हवरून नुसतं फिरल्याने तुमच्या डिस्कवर काही होत नाही. इथे बरेच जण 'चालतंय की' म्हणून बंद करतात. नाही. डेस्कटॉप दिसणं ही अर्धी टेस्ट पण नाही, फायली बाहेर निघतायत का ते बघायचंय.

फाइल मॅनेजर उघडा, डावीकडे डिस्कची नावं दिसतील. सी ड्राइव्ह असं नाव दिसणार नाही, '५१२ जीबी व्हॉल्यूम' असलं काहीतरी असेल, साइजवरून ओळखा. क्लिक केल्यावर पासवर्डची चौकट आली तर ती बिटलॉकरची, तिथे ती ४८ आकडी की टाकायची, मधल्या हायफनसकट. इथेच कळेल की कागदावर उतरवताना ६ चा ५ केला होता का. घाम फुटायचा तो आज फुटू दे.

आत 'यूजर्स', त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स रिकामं दिसलं तर दचकू नका, त्याच फोल्डरमधला 'वनड्राइव्ह' फोल्डर उघडा, विंडोज ११ गुपचूप सगळं तिथे हलवतं. आणि विंडोजमध्ये ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह असतं त्या तुमच्या डिस्कवर नसतातच, त्या इथून उघडणार नाहीत, त्या नेटवरूनच घ्याव्या लागतील. ही गोष्ट टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. टॅलीवाल्यांनी डेटा फोल्डर नेमका कुठे आहे ते आधी टॅलीतच बघून लिहून ठेवा आणि इथून तो सापडतोय का बघा.

आता दुसरा पेनड्राइव्ह लावा आणि त्यावर तीन फायली कॉपी करा: एक फोटो, एक पीडीएफ आणि एक मोठा व्हिडिओ. इथे जर मराठी फाइल उघडली आणि आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर ती बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तो फॉन्ट मिंटमध्ये नाही एवढंच, फाइल शाबूत आहे. युनिकोडमधलं मराठी नीट दिसतं. माझ्या एका काकांनी असा चिवडा बघून सोसायटीची सगळी प्रोसिडिंग गेली म्हणून कपाळाला हात लावला होता.

कॉपी झाली की दुसऱ्या पेनड्राइव्हला 'इजेक्ट' करा, घाईत उपटू नका, कारण लिनक्समध्ये पट्टी भरली तरी शेवटचं लिहिणं मागे चालू असतं. मग मेनूतून शट डाउन, सांगेल तेव्हा रेस्क्यू पेनड्राइव्ह काढा, विंडोज नेहमीसारखं सुरू करा आणि त्या तिन्ही फायली विंडोजमध्ये उघडून बघा. व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा. हे झालं तर टेस्ट पास.

विंडोजमध्ये परत आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं, घाबरू नका. लिनक्स मशिनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. डेट अँड टाइममध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की ठीक.

अडलं तर

लाल किंवा निळी चौकट येऊन सिक्युअर बूटबद्दल (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारं मशिनचं कुलूप) काहीतरी बोलली तर आधी नवी आयएसओ घेऊन परत बनवा. मिंट सिक्युअर बूट चालू असताना चालतं, पण जुनं मिंट अडू शकतं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या लिनक्स बूटलोडरना ब्लॉक केलं तेव्हा कितीतरी जणांचे आदल्या दिवशीपर्यंत चालणारे पेनड्राइव्ह आणि ड्युअल बूट 'शिम एसबॅट' असा काहीतरी मंत्र म्हणून बंद पडले. सिक्युअर बूट बंद करून काम होतं, पण बिटलॉकर असेल तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकतं, म्हणून मी म्हटलं ना, की आधी.

मिंटमध्ये डिस्क दिसतच नाही, असंही काही इंटेलच्या लॅपटॉपवर होतं, बायोसमध्ये स्टोरेज आरएसटी (RST) किंवा रेड (RAID) मोडवर असतं म्हणून. नेटवर वाचून ते थेट एएचसीआय करू नका, विंडोज सुरू व्हायचं बंद होईल. अशा मशिनसाठी विंडोजचाच पेनड्राइव्ह बरा.

तो तसाही एक बनवाच. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, वेगळा ८ जीबीचा पेनड्राइव्ह द्या, बाकी ते स्वतः करतं. त्यावरून बूट केल्यावर 'इन्स्टॉल' नाही, 'रिपेअर' लिहिलेला पर्याय निवडायचा, तिथे स्टार्टअप रिपेअर असतं. फायली काढायला मिंट, विंडोज दुरुस्त करायला विंडोज, आणि क्रम हाच, आधी फायली काढा मग दुरुस्ती.

आणि खरोखर वेळ आली तेव्हा हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर यातलं काहीही करू नका, मशीन बंद करा. प्रत्येक वेळी चालू केलं की थोडी आणखी मरते. डेटा लाखमोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि तो म्हणजे गल्लीतला फॉरमॅट मारून देणारा नव्हे.

भावाच्या लॅपटॉपचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी मिंट नीट राइट करून लावलं, दीडशे जीबी फोटो निघाले, बिटलॉकर नव्हता हे नशीब. माझा पेनड्राइव्ह आता वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दिवाळीला, नवी आयएसओ टाकून वरच्या सगळ्या पायऱ्यांतून जातो, तारीख लिहिलेली पट्टी त्याच्यावर असते. पट्टीवर दुसरी ओळ 'फॉरमॅट करू नये' अशी होती, ती यंदा बदलून 'झेरॉक्सवाल्याकडे नेऊ नये' केलीय, कारण बायको त्यावर आधार कार्ड टाकून प्रिंट काढायला घेऊन गेली होती आणि येताना तो व्हायरस घेऊन आला.